होडीच्या नाकावरचा ओटा

माझा उजवा खांदा निखळला तो उसामुळे. कारखान्याकडं निघालेल्या ट्रॉलीतून रस्त्यावर ऊस सांडला होता. माझी मोटरसायकल त्यावरून घसरली आणि युसूफ वडगावच्या अलीकडं मी कडेच्या चारीत जाऊन पडलो. हाड मोडलं नव्हतं. डॉक्टरांनी खांदा जागेवर बसवला, हात गळ्यात बांधला आणि सांगितलं, या हातानं आता बरेच महिने जोराचं काम करायचं नाही.

"अन् जाळं फेकायचं म्हणलं तर?" मी विचारलं.

"त्याचं तर नावच काढू नका," डॉक्टर म्हणाले.

आमचं घर मांजरा धरणाच्या पाण्यावर चालतं. संध्याकाळी मोठी जाळी लावून यायची, पहाटे काढायची आणि दिवसा उथळ पाण्यात फेकजाळं मारायचं. लावायची जाळी बायकोच्या मदतीनं कशीतरी ओढता आली असती. पण फेकजाळं म्हणजे अख्ख्या अंगाचं काम. त्याच्या घेराला शिशाचे मणी असतात. थोडं जाळं खांद्यावर, थोडं कोपरावर, एक कड दातांत असं धरायचं, कमरेतून वळायचं आणि असं सोडायचं की पाण्यावर पडताना ते परातीसारखं गोल उघडलं पाहिजे. एका हाताच्या माणसाचं ते काम नव्हे.

दवाखान्यातून घरी आलो त्या दिवशी बायकोनं माझ्यापुढं चहा ठेवला आणि म्हणाली, "जाळं मी फेकते."

तिचं माहेर तलवाड्याकडचं. लहानपणी ती वडलांबरोबर गोदावरीच्या काठाला जायची आणि खडकावर उभी राहून फेकजाळं मारायची, हे मी ऐकून होतो. पाहिलं मात्र कधी नव्हतं. आमच्या वस्तीवर बायका जाळी विणतात, मासे निवडतात, बाजारात बसून विकतात. होडीत पुढं उभी राहून जाळं फेकणारी बाई नव्हती. कुणी मनाई केलेली नव्हती, पण कुणी उभंही राहिलेलं नव्हतं.

"काठावरून फेकणं निराळं अन् होडीतून निराळं," मी म्हणालो.

"बघू की, किती निराळं हाय ते."

बरंच निराळं निघालं. आमची होडी ॲल्युमिनियमची. आमच्याकडं बहुतेक जण थर्माकोलच्या तराफ्यावर नाहीतर लोखंडी पत्र्याच्या जड होडीत जातात. माझ्या मामानं कुठल्याशा तलावावरचा बोट क्लब बंद पडला तेव्हा ही होडी आणली होती आणि त्याचं वय झाल्यावर मला दिली. हलकी इतकी, की दोघांनी उचलून काठावर ठेवावी. पण ती केली होती हौशी माणसांनी बसून फिरण्यासाठी. पुढचं नाक अरुंद, तिथं एक तिकोनी फळी, आणि तळाला जाळी, दोर, नांगराचा दगड, भाकरीचं गाठोडं, सगळा पसारा. मी एक पाय मधल्या फळीवर आणि एक पाय होडीच्या काठावर ठेवून जाळं मारायचो. ती कसरत अंगवळणी पडायला मला वर्षं लागली होती.

पहिल्याच दिवशी बायकोनं माझ्यासारखा पाय काठावर ठेवला, कमरेतून वळली, आणि जाळं सुटायच्या आत स्वतःच पाण्यात गेली. मी एका हातानं वल्हं धरून ओरडतोय, तोवर ती वर आली. डोक्यावरून जाळं ओघळत होतं. होडीचा काठ धरून तिनं तोंडातलं पाणी थुंकलं आणि म्हणाली, "मासे ऱ्हायले बाजूला, मीच घावले!"

मला वाटलं, झालं, हौस फिटली. पण घरी आल्यावर तिनं केस पुसता पुसता विचारलं, "फुडं नाकावर ओटा करता येईल का वो?"

"होडीला ओटा?"

"घराफुडं असतो तसा. मला उभं ऱ्हायला सपाट जागा पायजे. अन् ओट्याखाली कोनाडे करायचे, जाळ्याला एक, भाकरीला एक. पायात काय येऊ नये."

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर अंगणात तिनं राखेनं होडीचं नाक काढलेलं, खऱ्या मापाचं. त्यात ती उभी राहून जाळं फेकत होती. पाय रेघेबाहेर गेला की पुन्हा सुरुवात. शेजारच्या कोंबड्या दोनदा जाळ्यात सापडल्या. शेजारीण भिंतीवरून बघून हसली, पण बायकोनं कोंबड्या सोडवल्या, जाळं झटकलं आणि पुन्हा खांद्यावर घेतलं. हात गळ्यात बांधून ओसरीवर बसलेला मी हे रोज बघत होतो. वडलांनी शिकवलेलं सगळं तिच्या अंगात तसंच होतं. काही दिवसांतच जाळं असं गोल उघडायला लागलं की मी चहा प्यायचा विसरायचो.

केजच्या एका वेल्डरला होडीचं सांगितलं तर तो लोखंडी अँगल मारून देतो म्हणाला. बायकोनं तिथंच नको म्हणून सांगितलं. लोखंडाच्या वजनानं नाक पाण्यात जाईल, हे तिला न सांगता कळत होतं. मग आमचे मासे नेणाऱ्या टेम्पोवाल्यानं मांजरसुंब्याच्या एका मिस्त्रीचं नाव काढलं. हा मिस्त्री हायवेच्या कडेला ट्रकच्या केबिनी आणि बसच्या बॉड्या दुरुस्त करायचा. ॲल्युमिनियमचा पत्रा तो वेल्डिंगशिवाय, नुसत्या रिबीटांवर असा बसवतो की पाणी झिरपत नाही, असं टेम्पोवाला म्हणाला.

आम्ही होडी त्याच्याच टेम्पोवर पालथी बांधली आणि निघालो. मांजरसुंब्याच्या ढाब्यांपुढं ट्रकवाले बाजा टाकून बसले होते. एकानं हाक मारली, "का हो, कुठं पूर आला काय?" बायकोनं पदर तोंडाला लावला, पण खांदे हलत होते तिचे.

मिस्त्री उंच, किडकिडीत, आवाजानं मोठा. होडीभोवती त्यानं दोन चकरा मारल्या, बोटानं पत्रा वाजवून पाहिला.

"मैंने जिंदगीत नावेला हात लावला न्हाई," तो म्हणाला. "आमच्या सात पिढ्या कोरड्यात. पर पत्रा तो पत्राच हाय. काय करायचंय बोला."

मी सांगायला लागलो. बायको मधूनमधून दुरुस्ती करत होती. मिस्त्रीनं माझ्याकडून मान वळवली आणि तिला विचारलं, "ताई, उभं कोण ऱ्हानार?"

"मी."

"तो फिर तुमी सांगा. ह्ये बसू द्या."

मी बसलो. त्यानं तिचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, असं तोंडी सांगून मला कळायचं नाही, मला तुम्ही जाळं फेकताना बघायचंय. पाणी तर तिथून कोसभरातही कुठं नव्हतं. मग त्यानं जे केलं ते मी कधी विसरणार नाही. गॅरेजमधल्या ट्रकच्या हवा भरलेल्या ट्यूबा त्यानं अंगणात मांडल्या, आमच्या मदतीनं होडी त्यांच्यावर ठेवली आणि हातानं दाबून पाहिलं. होडी पाण्यावर डुलावी तशी डुलायला लागली. नाकात त्यानं दोन फळ्या आडव्या टाकल्या.

"चढा ताई. समजा ह्ये धरणच हाय."

तोवर ढाब्यावरची माणसं येऊन उभी राहिली होती. बायको माझ्याकडं बघायला लागली. मी काही म्हणायच्या आत तिनंच पदर कमरेला खोचला, लुगड्याचा काचा मारला आणि फळ्यांवर चढली. ट्यूबा कुरकुरल्या, होडी एका बाजूला कलली, ती सावरली. मग तिनं जाळं फेकलं. ते हवेत उघडलं आणि दारात उभ्या असलेल्या एका मोटरसायकलवर आरशासकट गोल बसलं. कुणीतरी शिट्टी वाजवली. मिस्त्रीनं त्याच्याकडं असं पाहिलं की पुन्हा कुणी वाजवली नाही.

"फिर से," तो म्हणाला.

ती पुन्हा पुन्हा फेकत राहिली आणि तो जमिनीवर उकिडवा बसून नुसते तिचे पाय बघत राहिला. शेवटी त्यानं खडूनं फळ्यांवर तिच्या पावलांच्या खुणा केल्या. डावा पाय कुठं रोवते, उजवी टाच कुठून कुठं फिरते. मग तो म्हणाला, ओटा होडीच्या काठाबरोबर करायचा नाही, वीतभर खाली करायचा. तोल गेला तर नडगी काठाला टेकेल आणि माणूस आत राहील.

"अन् शिशाचे मणी काठाला अडकले म्हंजी?" बायकोनं विचारलं. "जाळं तिथंच गोळा होईल की."

यावर दोघांचं बराच वेळ चाललं. तिला काठ नको होता, त्याला तिच्या नडगीला आधार हवा होता. आवाज चढले. मला वाटलं, आता काही हा काम घेत नाही. पण मिस्त्री आत गेला आणि जाड रबरी पाइप उभा चिरून घेऊन आला. तो त्यानं काठावर टोपडं घालावं तसा बसवला. पत्र्याची कड गोल झाली. बायकोनं जाळं त्यावरून ओढून पाहिलं, एकही मणी अडकला नाही.

"ह्ये झ्याक हाय," ती म्हणाली आणि मिस्त्रीचा चेहरा असा फुलला, जणू त्यालाच कुणी बक्षीस दिलं.

कोनाड्यांवरूनही वाद झाला. ट्रकच्या पेटीला असतं तसं झाकण वरून करू, असं त्याचं म्हणणं. "मी उभी कुठं ऱ्हानार मंग? माझ्याच पायाखालचं झाकण मी कशी उघडू?" तिनं विचारलं. तेव्हा दारं मागच्या बाजूला, बसायच्या फळीकडं तोंड करून करायची ठरली, म्हणजे मागं बसलेल्या माणसालाही हात घालता येईल. एक कोनाडा जाळ्याचा, त्याच्या तळाला पाणी निथळायला भोकं. दुसरा कोरडा, त्याच्या दाराला ट्रकच्या दरवाज्याचं रबर. वरच्या पत्र्याला चौकड्या उठवलेल्या होत्या, त्यात जाळ्याचे धागे अडकत होते आणि अनवाणी पायाला ते टोचत होतं. त्यावर मिस्त्रीनं ट्रकच्या चाकामागं लोंबतं ते रबर कापून चिकटवलं. त्याच्यावर पिवळ्या रंगात अर्धवट राहिलेलं एक अक्षर होतं, ते अजून तसंच आहे.

पुढचे काही दिवस आम्ही टेम्पोबरोबर येऊन-जाऊन काम पाहत होतो. एका मोडीत निघालेल्या बसच्या बॉडीतला पत्रा त्यानं वापरला होता. रिबीट मारण्याआधी तो प्रत्येक जोडावर काळा लेप लावायचा, कान जवळ नेऊन हातोडीचा आवाज ऐकायचा, आणि आवाज पटला नाही तर ते रिबीट काढून दुसरं मारायचा. मी माणसांना मन लावून काम करताना पाहिलंय. पण ज्या पाण्यात आपण कधी उतरणार नाही त्या पाण्यासाठी इतकं मन लावणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो.

होडी धरणात उतरवली. बायको ओट्यावर उभी राहिली, मी मागं बसून डाव्या हातानं वल्हं मारत होतो. पहिली काही जाळी सुरेख पडली. मग होडीचं नाक जड वाटायला लागलं. ती उभी राहील तसं ते आणखी खाली जायला लागलं, आणि एक लाट सरळ तिच्या पावलांवरून आत आली. आम्ही कसेबसे काठाला लागलो. जाळ्याचा कोनाडा उघडला तर खाली घोटाभर पाणी.

मिस्त्रीला फोन केला. मला वाटलं, होडी घेऊन या म्हणेल. तो दुसऱ्याच दिवशी हत्यारांची पिशवी घेऊन स्वतः आला. आधी त्यानं काठावरून पाहिलं, पण काही उमगेना. मग चपला काढल्या, मोठा श्वास घेतला आणि होडीत बसला. आयुष्यात पहिल्यांदा. दोन्ही हातांनी काठ घट्ट धरलेला, ओठ हलत होते.

"चाचा, भ्या वाटतंय का?" बायकोनं विचारलं.

"लई," तो म्हणाला. "पर तुमी उभ्या ऱ्हावा. मला बघू द्या."

ती उभी राहिली, जाळं फेकलं, ओढलं. ओल्या जाळ्याचं पाणी कोनाड्यात निथळलं आणि तिथंच थांबलं. मिस्त्रीनं काठावरचा एक हात सोडून कपाळावर मारून घेतला. कोनाड्याची मागची भिंत त्यानं तळापर्यंत पक्की बसवली होती. नाकात साठलेलं पाणी मागं वाहत येत नव्हतं, त्यामुळं ते उपसताही येत नव्हतं.

"चाचा, मोरीच न्हाई ठिवली तुमी," बायको म्हणाली. "घराला लागती तशी हिलाबी लागती की."

"ट्रकमदी पानी असतंच कुठं ताई!" तो ओरडला, आणि मग आम्ही तिघंही इतकं हसलो की होडी हलायला लागली आणि त्याला पुन्हा काठ धरावा लागला.

काठावर येऊन त्यानं भिंतीच्या तळाशी दोन मोऱ्या कापल्या आणि त्यांच्या कडा घासून गुळगुळीत केल्या. पाणी मागं माझ्या पायाशी यायला लागलं आणि मी डब्यानं ते बाहेर टाकायला लागलो. तेव्हापासून नाक कधी जड झालं नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाशी एके दुपारी वारा अचानक उठला. आम्ही काठाकडं वळलोच होतो. तेवढ्यात बायकोनं हात वर केला. लांब पाण्यात काहीतरी पांढरं वरखाली होत होतं. पलीकडच्या गावचा एक म्हातारा कोळी रोज थर्माकोलच्या तराफ्यावर यायचा. आमची त्याची नुसती हात वर करण्यापुरती ओळख. वाऱ्यानं त्याचा तराफा फुटला होता आणि तो एका तुकड्याला मिठी मारून लाटांवर हेलकावत होता.

"आडवं नगा नेऊ," बायको म्हणाली. "बाजूनं धरला तर आपुन बी उलटू. नाक त्येच्यावर घ्या."

मी डाव्या हातात होतं नव्हतं तेवढं बळ लावलं, उजवा हातही लावला, डॉक्टरांची आठवण झाली नाही. ती ओट्यावर पालथी झोपली. छाती काठावरच्या रबरावर, पावलं मागं कोनाड्याच्या दाराच्या कडेला अडकवलेली. लाट आली की तिचं तोंड पाण्यात जायचं. म्हातारा जवळ आला तसं तिनं त्याच्या सदऱ्याची पाठ धरली.

"बाबा, त्ये थर्माकोल सोडा आता. सोडा म्हन्ते ना!"

तो सोडेना. भीतीनं बोटं आखडली होती. तिनं सदरा सोडून त्याची दोन्ही मनगटं धरली आणि माझ्यावर ओरडली, "मागं सरका, पार मागं!" मी होडीच्या शेपटाला जाऊन बसलो, नाक जरा वर उचललं, आणि त्या उचलीबरोबर तिनं त्याला ओट्यावर ओढून घेतलं. वीतभर खाली असलेल्या त्या ओट्यात तो माणूस कुशीत घेतल्यासारखा पडून राहिला. तिनं कोरड्या कोनाड्यातून गोधडी काढली, त्याला गुंडाळलं आणि स्वतः ओल्या लुगड्यानं त्याच्या उशाशी बसून राहिली.

काठाला लागलो, चहा झाला, म्हाताऱ्याच्या अंगात ऊब आली. मग त्यानं होडीकडं बोट केलं.

"ह्यो ओटा कुनी करून दिला?"

"मांजरसुंब्याच्या चाचांनी," बायको म्हणाली.

"ट्रकवाले?"

"व्हय."

म्हातारा मान हलवत राहिला. पुढं त्यानं तराफा सोडला आणि मुलाच्या पत्र्याच्या होडीतून यायला लागला. त्या होडीच्या नाकावर आता लाकडी फळ्यांचा एक छोटा ओटा आहे. त्यानं स्वतःच केलाय, आमचा बघून.

माझा खांदा पावसाळ्यापर्यंत बरा झाला. डॉक्टरांनी हात वरखाली करून पाहिला आणि कामाला मोकळं केलं. दुसऱ्या दिवशी होडीत बसताना मी पुढं जायच्या बेतानं उभा राहिलो. ती नुसती बाजूला सरकली. मी ओट्यावर उभा राहिलो तर माझे पाय कुठंच बसेनात. जिथं माझी टाच वळायला हवी तिथं काठ होता, जिथं मला आधार हवा तिथं काहीच नव्हतं. ती जागा तिच्या पावलांवरून घडवलेली होती. एक जाळं मारलं, वाकडंतिकडं पडलं. मी मागं येऊन वल्हं घेतलं. खरं सांगतो, वाईट वाटलं नाही. तिथून ती जशी दिसते तशी मी कधी पाहिलीच नव्हती: सकाळच्या उजेडात पाठमोरी उभी, मान जराशी कललेली, पाण्यातली हालचाल वाचत असलेली. मग एकदम सगळं अंग वळतं आणि जाळं उघडतं. मी किती वेळा पाहिलंय, तरी त्या वेळी माझं वल्हं थांबतं.

या हिवाळ्यात मिस्त्री घरच्या मंडळींना घेऊन आमच्याकडं जेवायला आला. त्याच्या बायकोनं धरण जवळून कधी पाहिलं नव्हतं. होडी बघितल्यावर तिनं नवऱ्याला काही न विचारता माझ्या बायकोला विचारलं, "मैं भी खडी रहूं क्या?"

दोघी निघाल्या, मी वल्ह्यावर. मिस्त्री काही होडीत आला नाही. त्यानं काठावरूनच आपली रिबीटं तपासली, वाकून मोऱ्यांत बोट घातलं आणि मग हात पाठीमागं बांधून उभा राहिला. माझ्या बायकोनं चाचींना ओट्यावर चढवलं, पावलं कुठं ठेवायची ते दाखवलं, जाळ्याची कड दातांत दिली. चाचींना हसू आवरेना, कड तोंडातून सुटली. दुसऱ्या खेपेला त्यांनी जाळं सोडलं ते गोळा होऊन धपकन पडलं.

"अगं, फेकायचं असतं, धुवायला टाकायचं नसतं!" काठावरून मिस्त्री ओरडला.

"तुम चुप रहो जी," चाचींनी तिथूनच सुनावलं.

त्या जाळ्यातही कशा कुणास ठाऊक, तळहाताएवढ्या चार चिलाप्या निघाल्या. चाचींनी त्या दुसऱ्या माशांत मिसळू दिल्या नाहीत. चुलीपाशी बसून स्वतः साफ केल्या, स्वतः तळल्या, आणि सगळ्यांना एकेक तुकडा वाढून झाल्यावर मिस्त्रीच्या ताटात शेपटी टाकली.